अदलियातला कराडचा कोरियन

"आईशी खोटं बोलायचं तर मधी थांबायचं न्हाय, लेका. 'जेवलास का' म्हटल्यावर एवढा इचार? जेवल्याला माणूस लगीच 'व्हय' म्हणतो."

मी फोन अजून कानावरून काढलाही नव्हता, तेवढ्यात वरच्या बंकवरून हे वाक्य खाली आलं. बहरीनमधल्या गुदैबियातली खोली, मी आदल्या रात्रीच तिथे राहायला आलेलो, शुक्रवारची दुपार, बाकीचे सगळे बाहेर गेलेले. मी वर पाहिलं. एक नेपाळी माणूस उताणा पडून निवांत कान कोरत होता. कराड-साताऱ्याकडचा कुणी त्याच्या पलीकडे लपलाय का म्हणून मी वाकून बघितलं. पलीकडे भिंत होती.

"बघतुयास काय? मीच बोललो. तोंडावर जाऊ नको. तोंड आज्ज्याचं हाय, जीभ कराडची."

दिलबहादूर गुरुंग. वडील कराडच्या एका वसाहतीत रात्रपाळीचे गुरखे होते, तो जन्मला तिथेच, नगरपालिकेच्या मराठी शाळेत दहावी झाला, बायकोही तिकडचीच, सुनीता. नेपाळला तो आयुष्यात एकदा गेला होता, आणि तिथली भाषा येत नाही म्हणून चुलत्यांनी त्याला हसून परत पाठवलं होतं, असं तो सांगायचा. मी त्याला गुरुंगदादा म्हणायचो. तो मला 'पावनं' म्हणायचा. पाहुण्यासारखा मी आयुष्यात कुठे वागलो असेन तर ते फक्त कामावर, असं त्याचं म्हणणं.

मी गुहागरकडचा. आठवीनंतर शाळेला माझा कंटाळा आला. बहरीनला आलो तो मआमीरच्या एका ठेकेदाराकडे, इमारतींना परांच्या बांधायला. काम संपल्यावर ठेकेदाराने 'खलास' म्हटलं आणि हात झटकले. व्हिसाचे थोडे दिवस उरले होते. तेवढ्यात दुसरा मालक मिळाला नाही तर घरी, आणि घरी जाऊन करायचं काय, हे आईला विचारायची हिंमत नाही म्हणून मी तिला रोज फोन करून जेवलो म्हणून सांगायचो. मला तशीही भीती वाटतेच. लिफ्ट बंद पडेल याची वाटते, लिफ्ट चालू होईल याचीही वाटते. गुरुंगदादाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी ओळखली.

"तुला सैपाक येतो?"

"नाही ओ."

"झकास. म्हणजे चुकीचा येत न्हाय. उद्या चल."

दुसऱ्या दिवशी त्याने मला अदलियात नेलं. तिथे गल्लीगल्लीत कॉफीची दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानाला कुठलातरी दुसराच देश व्हायचं असतं. आमच्या मालकाचं, अबू यूसुफचं दुकान त्या वर्षी कोरिया झालं होतं. त्याआधी ते शोरमा होतं, मधे वॉफल झालं, मग घरातल्या पोरी कोरियन मालिका बघून रडायला लागल्या तेव्हा या माणसाने त्या अश्रूंत धंदा पाहिला. भिंती गुलाबी झाल्या, दिवे चेरीच्या फुलांचे झाले, आणि एक कोरियन आचारी पाहिजे म्हणून शोध सुरू झाला. खरा कोरियन परवडत नव्हता. गुरुंगदादा परवडला.

पासपोर्ट भारताचा आहे हे अबू यूसुफला माहीत होतं. पण गुरुंगदादाने त्याला सांगितलं होतं की मी सहा वर्षं कोरियात काढलीत, सैपाक तिथे शिकलो, भाषा पाण्यासारखी येते. खरी गोष्ट अशी, की तो कराडच्या एसटी स्टँडसमोर चायनीजच्या गाडीवर होता. तीही नोकरी त्याला तोंड बघूनच मिळाली होती. "गाडीवाला म्हणला, तू नुसता कढईच्या मागं हुभा ऱ्हा, शेवया मी परततो. मी हुभा ऱ्हायलो. धंदा दुप्पट."

अबू यूसुफने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ही आल्सो कोरियन?"

"नो सर," गुरुंगदादा म्हणाला. "मॅन इंडियन. हँड कोरियन. आय टीच."

माझ्या हाताने तोवर फक्त परांच्या बांधल्या होत्या. कोरिया हा शब्द मी फक्त फ्रिजच्या खोक्याच्या बुडाशी वाचलेला. तरी त्या हातावर मला नोकरी लागली, व्हिसा लागला, आणि त्या दिवशी आईने 'जेवलास का' विचारल्यावर मी लगेच 'व्हय' म्हणालो. आई म्हणाली, "मेल्या, बोलतोस कसा घाटावरच्यासारखा?"

अख्खा कोरिया त्याने मला एका सकाळी शिकवला.

"हे बिंगसू. दुधाचा बर्फ किसायचा आन वर गोड लाल उसळ घालायची. आपल्याकडं बर्फाच्या गोळ्यावर कुणी उसळ घातली असती तर घरच्यांनी देवऋषी बोलावला असता. हितं फोटू काढत्यात."

"हे तोकबोकी. तांदळाच्या उकडीच्या कांड्या, वर लाल रस्सा. रस्सा गोड लागला तर घाबरायचं न्हाय, मुद्दाम बिघडवल्याला हाय."

"ही किमची. कोबी नासवायचा. पण शिस्तीत."

"आन हा मासा."

लोखंडी साच्यातून त्याने माशाच्या आकाराची एक जाड, खरपूस पोळी काढली. मी आशेने मोडली. आत गोड वाटलेली उसळ. म्हणजे परत तीच. आमच्या गावात एखाद्याला मासा दाखवून आतून उसळ वाढली असती तर प्रकरण पंचायतीत गेलं असतं. मी तसं म्हणालो.

"तुझ्या गावात नकोच इकू," तो म्हणाला. "मी काय गुहागरला शाखा काढतोय?"

हे सगळं तो मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला होता आणि खरं सांगायचं तर चांगलं शिकला होता. पीठ मळताना त्याचा ताबा वेगळाच असायचा. पिठाशी तो बोलायचा, तेही घरच्या माणसाशी बोलावं तसं. "आलीस का वळणावर? मघाशी लय रुसलीवतीस." माझ्याशी मात्र सरळ बोलायचा नाही. मी हळू हात चालवला की विचारायचा, "पावनं, मेहंदी वाळायची हाय का?" कढई जड झाली म्हटलं की म्हणायचा, "थांब, चार माणसं बोलावतो, पालखीतनं नेऊ." पहिल्या महिन्यात मी बिंगसूचे काचेचे वाडगे फोडले. अबू यूसुफ आवाज ऐकून आत आला, तर हा शांतपणे म्हणाला, "सर, कोरिया ट्रेनिंग. ब्रेक फर्स्ट, देन केअरफुल." मालक मान हलवत बाहेर गेला. मालक गेल्यावर माझ्याकडे वळून, "आता केअरफुलचा भाग सुरू कर, मर्दा. ब्रेक झालं."

छातीवर त्याला पट्टी लावायला लागायची. त्यावर इंग्रजीत नाव होतं: जून. ते अबू यूसुफच्या पोरींनी निवडलं होतं. केस कपाळावर सरळ पाडायचे हाही त्यांचाच हुकूम. गुदैबियातला पाकिस्तानी न्हावी ते कापताना दर वेळी हळहळायचा, की एवढ्या चांगल्या माणसाला ही काय शिक्षा. गुरुंगदादा हसताना ओठ उघडायचा नाही. कॉलेजच्या मुली त्यावर जीव टाकायच्या, कोरियन मालिकांतले नायक असेच आतल्या आत हसतात म्हणे. नायकांचं माहीत नाही, याचा पुढचा दात कबड्डीत तुटला होता.

कोरियन भाषा त्याला येत नव्हती असं मी म्हणणार नाही. मालिका बघून त्याने काही वाक्यं पाठ केली होती. अडचण इतकीच, की ती मालिकांतली वाक्यं होती. एका मुलीने हौसेने कोरियनमध्ये विचारलं, तोकबोकी फार तिखट असते का? त्याने कमरेत वाकून गंभीर आवाजात कोरियनमध्येच उत्तर दिलं. मुलगी लाल झाली आणि दर आठवड्याला यायला लागली. मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"'मी जन्मभर तुझीच वाट पाहिली.' दुसरं एक पाठ हुतं, पण ते 'माझ्या बापाला तूच मारलंस' हुतं. गिऱ्हाइकाला शोभलं नसतं."

एकदा भांडी घासताना मी त्याला म्हणालो, तुला भीती नाही वाटत? एवढं नाटक रोज करायचं?

"नाटकाची सवय हाय. शाळेत दर वर्षी स्नेहसंमेलनाला ऐतिहासिक देखावा असायचा. अख्खा वर्ग मावळे. मला गुरुजी म्हणायचे, तू चिनी प्रवासी. इतिहासाच्या पुस्तकात हाय बघ तो, पाठीवर बोचकं घेतल्याला. पाचवी, सहावी, सातवी, सलग प्रवासी. एकदा म्हणलो, गुरुजी, औंदा मावळा करा की. गुरुजी म्हणले, बाळ, तू मावळा झालास तर लोकं हसतील." त्याने ताट पालथं घातलं. "आता कळतंय. त्येंनी माझी तयारी करून घेतली. दूरदृष्टीची माणसं."

मी हसलो. तो ओठ मिटून हसला.

या सगळ्याच्या मागे एकच गोष्ट होती, आणि ती त्याने कधी लपवली नाही. त्याला सुनीताला आणि मुलीला, तनूला, इकडे आणायचं होतं. बहरीनमध्ये घरची माणसं आणायची तर पगार एका ठरावीक आकड्याच्या वर लागतो. अबू यूसुफ जवळच्या रिफा शहरात दुसरी शाखा काढणार होता आणि तिथे मुख्य आचारी म्हणून जूनला बसवणार होता. बसवला, की पगार त्या आकड्याच्या वर. मधे फक्त इंशाल्ला होतं. आणि एक अट, जी कुणी बोलून दाखवली नव्हती: जून कोरियात राहिलेला असला पाहिजे. ते खोटं ठरलं तर शाखा गेली, व्हिसा गेला, त्याच्या मागोमाग माझा कोरियन हातही गेला. त्यामुळे त्याची काळजी मी दोघांच्या वतीने करायचो. तो म्हणायचा, तुझ्यासारखा माणूस असल्यावर मला वेगळी काळजी करायची गरजच न्हाय.

तनू तेव्हा सहा वर्षांची होती. ती चार महिन्यांची असताना तो इकडे आला, मधे एकदाच महिनाभर जाऊन आला.

आमच्याकडे शुक्रवारी एक मराठी कुटुंब यायचं. कारखानीस. नवरा बँकेत, बायकोच्या तोंडी सतत पुणं, मुलगी इरा चौदा वर्षांची, कोरियन गाण्यांपायी वेडी. आईने मराठीत विचारायचं, मुलीने इंग्रजीत तोडायचं, वडिलांनी फोनमध्ये बघायचं, असा त्यांचा जेवणाचा क्रम. कारखानीसबाई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा गुरुंगदादा त्यांच्या टेबलाशी वही घेऊन उभा होता. त्याच्या तोंडासमोर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हा हात तरी धुतो का कोण जाणे. ही माणसं काय काय खातात. आणि बघतो कसा, मख्खासारखा. डोळे उघडे आहेत की झोपलाय?"

"मम्मा, शट अप," इरा म्हणाली.

"अगं, त्याला काय कळतंय!"

गुरुंगदादा कमरेत वाकला, ऑर्डर घेतली, आत आला. आणि नळ सोडून त्याने हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, डॉक्टर ऑपरेशनच्या आधी धुतात तसे. त्यानंतर दर शुक्रवारी, त्यांची ऑर्डर आली की तो असे हात धुवायचा. आणि मला म्हणायचा, "पावनं, पुण्याचं ताट हाय. जपून."

पुढे एकदा होतोकचा माल संपला. होतोक म्हणजे आत गूळ-शेंगदाण्यासारखं सारण घातलेली तव्यावरची जाड पोळी. लाल साखर येणार होती ती आली नाही, दुकान भरलेलं. गुरुंगदादाने कोपऱ्यातल्या भारतीय दुकानातून हरभऱ्याची डाळ आणि गूळ मागवला आणि तासाभरात पुरण घातलं. फळ्यावर लिहिलं: शेफ जून स्पेशल, गोल्डन होतोक. अदलिया त्यावर तुटून पडली. बहरीनी मुली म्हणाल्या, खरा कोरिया आज कळला. कारखानीसबाईंनी एक घास घेतला आणि हातातला तुकडा खाली ठेवला.

"अहो, हे पुरण आहे."

"तुला सगळीकडे पुरणच दिसतं," नवरा फोनमधून म्हणाला.

"वेलदोडासुद्धा आहे! कोरियात वेलदोडा घालतात?"

"मम्मा, यू आर सो एम्बॅरसिंग."

बाई स्वयंपाकघराच्या खिडकीकडे टक लावून बघत राहिल्या. गुरुंगदादा तिकडे पाठ करून जन्मात कधी पुरणपोळी न बघितलेल्या माणसासारखा तवा पुसत राहिला.

आणि मग एक दिवस खरा कोरियन आला.

साठीचा, बारीक, अंगावर कंपनीचं निळं जाकीट. सित्र्याकडच्या कुठल्यातरी प्रकल्पावर इंजिनिअर होता. किमसाहेब. अबू यूसुफला एवढा आनंद झाला की त्याने त्यांना हाताला धरून आणून मधल्या टेबलावर बसवलं आणि ओरडला, "जून! यल्ला, कम! युअर ब्रदर! टॉक, टॉक!"

माझ्या हातातला चमचा पडला. मनात मी बॅग भरली, मुंबईला उतरलो, गावच्या गाडीतही बसलो. गुरुंगदादाने टोपी नीट केली, पट्टी पुसली आणि बाहेर गेला. किमसाहेब कोरियनमध्ये काहीतरी म्हणाले. बहुतेक, तुम्ही कुठले, असं असेल. अबू यूसुफ कमरेवर हात ठेवून, लग्नात वधूपिता उभा राहतो तसा उभा होता.

गुरुंगदादा वाकला. आणि सुरात, शेवटची अक्षरं लांबवत, हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला:

"मी कराडचा ओऽऽ. तुमची भाषा मला येत न्हाय योऽऽ. हा जो मागं जाडा हुभा हाय त्येला सांगितलंय येती म्हणून. आता माझी अब्रू तुमच्या हातात हाय बघा योऽऽ."

किमसाहेबांनी चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. मग अबू यूसुफकडे. मग परत याच्याकडे. माझ्या आयुष्यात इतका वेळ कुणी कुणाकडे पाहिलेलं मी बघितलं नाही. मग ते वृद्ध गृहस्थ हळूच हसले आणि कोरियनमध्ये लांबलचक काहीतरी बोलले. गुरुंगदादाने मान डोलावली, "व्हय की, आमच्याकडंबी तसंच हाय," म्हणाला. पुन्हा ते बोलले. पुन्हा हा बोलला. अबू यूसुफ भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "माशाल्ला!"

नंतर मागच्या दाराशी किमसाहेब सिगारेट ओढत होते, तिथे गुरुंगदादा गेला आणि त्याने हात जोडले. किमसाहेब मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "माय वाइफ टॉक, थर्टी इयर, आय नो अंडरस्टँड. यू, फर्स्ट डे. लिटल अंडरस्टँड." मग बोट वर करून, गंभीरपणे, "बट किमची, व्हेरी बॅड."

त्यानंतर किमसाहेब दर शुक्रवारी यायला लागले. एकदा डब्यातून काहीतरी घेऊन आले, किमचीत घाल म्हणून. मी झाकण उघडलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. खारवलेला बारीक जवळा! आमच्या घराच्या माडीवर येतो तो वास. त्या दिवसापासून किमची सुधारली आणि मला कोरियाबद्दल आदर वाटायला लागला. मासा उसळीचा करतात, पण कोबीत जवळा घालतात. म्हणजे माणसं अगदीच वाया गेलेली नाहीत.

किमसाहेब आणि गुरुंगदादा अर्धा अर्धा तास बोलायचे. हा कराडच्या मराठीत, ते कोरियनमध्ये. दोघंही घरचंच बोलत असावेत. किमसाहेब मधेच पाकिटातून कुणाचातरी फोटो काढायचे, हा तनूचा काढायचा. एका कॉलेजच्या मुलीला संशय आला. म्हणाली, मालिकांत असं बोलत नाहीत. गुरुंगदादा म्हणाला, "व्हिलेज कोरियन, मॅडम. सोल सिटी नो." तिने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

रिफ्याच्या शाखेचं नक्की व्हायच्या बेतात होतं तेव्हाचा तो शुक्रवार. कारखानीस उशिरा आले आणि खांबाआडच्या टेबलावर बसले, त्यामुळे गुरुंगदादाला ते दिसले नाहीत. मला दिसले, पण माझ्या दोन्ही हातांत बिंगसू होतं. अबू यूसुफ गल्ल्याशी उभा. गुरुंगदादा किमसाहेबांच्या पुढ्यात, चेहऱ्यावर तेच ठेवणीतलं हसू, आवाजात तोच सूर.

"तनू काल फोनवर म्हणली योऽऽ, बाबा, मी इमानातनं उतरल्यावर तू मला वळखशील का? म्हणलं, वळखीन की. तर म्हणती, मी तुला कशी वळखू, तू टोपी घालतोस. जाडा बघतोय म्हणून हसत सांगतोय योऽऽ. ह्या महिन्यात जाड्यानं सही केली तर येतील. न्हाय केली तर पोरगी फोनातच मोठी हुईल बघा."

किमसाहेबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

खांबाआड चमचा वाजला. आणि इराचा आवाज, स्वच्छ, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा: "मम्मा, इज ही स्पीकिंग मराठी?"

गुरुंगदादाचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. अबू यूसुफने मान वळवली. गल्ल्यापासून ते टेबल चार ढांगांवर होतं, पण तो मला चालताना वर्षभर दिसला. "मदाम? यू नो धिस लँग्वेज?"

कारखानीसबाईंनी गुरुंगदादाकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना आपलं पहिल्या दिवसापासूनचं सगळं बोलणं ऐकू येत असणार. हात, डोळे, मख्ख, एकूण एक. चेहऱ्याचा रंग बिंगसूवरच्या उसळीसारखा झाला. नवऱ्याने चक्क फोन खाली ठेवला.

"हू, मी?" बाई इंग्रजीत म्हणाल्या. "नो, नो. माय डॉटर, ऑल डे सीरियल्स, सीरियल्स. कन्फ्यूज्ड चाइल्ड." इराने तोंड उघडलं, टेबलाखाली काहीतरी हाललं, इराने तोंड मिटलं. "आय हॅव ट्रॅव्हल्ड, यू नो. धिस इज व्हेरी प्युअर कोरियन."

"प्युअर," अबू यूसुफ समाधानाने म्हणाला आणि गल्ल्याकडे परत गेला.

जाताना कारखानीसबाई गुरुंगदादासमोर थांबल्या. त्याच्यासारख्याच कमरेत वाकल्या आणि त्याच सुरात, शेवट लांबवत म्हणाल्या, "माझं माहेर उंब्रजचं होऽऽ. पुरणात वेलदोड्याबरोबर थोडं जायफळ घाला."

इतके शुक्रवार पुणं ऐकवणाऱ्या बाई कराडच्या शेजारच्या निघाल्या होत्या.

गुरुंगदादा त्यांच्यापेक्षा खाली वाकला. "घालतो की वैनी. हात धुऊन घालतो योऽऽ."

बाईंनी डोळ्यांना पदर नसल्यामुळे पेपर नॅपकिन लावला आणि गेल्या. त्यानंतर त्या येतच राहिल्या, फक्त टेबलावर फारसं बोलेनाशा झाल्या. नवरा म्हणे त्या दुकानाला खूप मानतो.

सही झाली.

रिफ्याची शाखा वर्षभर जोरात चालली. मग लोकांना कोरियाचा कंटाळा आला आणि अबू यूसुफला दुसऱ्या देशाची स्वप्नं पडायला लागली. गुरुंगदादा आता बायको-मुलीसह दोह्याला असतो. तिथे तो जपानी आहे. मध्यंतरी फोन आला होता. म्हणाला, "जपान बरा, पावनं. मासा कच्चाच द्यायचा, म्हणजे सैपाकाची कटकट न्हाय." मी अजून अदलियात. दुकान सध्या इटली आहे. माझा हात इटालियन झालाय, वाडगे अजून फुटतात. तो गेल्यावर मला कुणी 'मेहंदी वाळायची हाय का' असं विचारलेलं नाही. लोक फार सभ्य आहेत.

पण गुरुंगदादा आठवला की मला दोहा दिसत नाही, रिफाही दिसत नाही. सुनीतावहिनी आणि तनू आल्या त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ दिसते. रिफ्याला जायच्या आधीचा अदलियातला त्याचा शेवटचा दिवस. मालकाने स्वतः त्यांना बोलावलं होतं. दुकान भरलेलं, मुलींचे मोबाइल तयार. वहिनी साडीच्या निऱ्या सावरत गुलाबी खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेल्या. त्यांना त्याने घरी बजावलं होतं, की तिथे मी कामावर असेन, बोलू नका.

गुरुंगदादा बिंगसूचा वाडगा घेऊन बाहेर आला. टोपी, पट्टी, कपाळावर सरळ केस. तो तनूसमोर वाकला. गिऱ्हाइकासमोर वाकतात तसा. आणि ती एवढीशी पोर खुर्चीवरून उतरली आणि तीही वाकली. मुलींचे मोबाइल वर झाले.

तनूने त्याच्या छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवून एकेक इंग्रजी अक्षर लावलं. मग खणखणीत आवाजात, साऱ्या दुकानासमोर म्हणाली, "बाबा, ह्ये दुसऱ्याचं नाव हाय."

माझ्या हातातून काहीही पडलं नाही, कारण मी काही धरलंच नव्हतं. वहिनींनी डोळे मिटले. गल्ल्याशी अबू यूसुफ क्षणभर थांबला. मग शेजारच्या टेबलावरच्या मुलींना अभिमानाने म्हणाला, "सी? डॉटर! सो स्मॉल, अँड कोरियन लाइक वॉटर! माशाल्ला!"

मुलींनी टाळ्या वाजवल्या.

गुरुंगदादाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मालकाकडे, मग किचनच्या खिडकीत माझ्याकडे. आणि ओठ उघडून हसला. तुटका दात सगळ्यांना दिसला. मग तो तिथेच जमिनीवर, टेबलाशेजारी मांडी घालून बसला आणि कराडला एखादा बाप बोलतो तसं, सूर न लावता, आवाज न चोरता, पोरीशी बोलत सुटला. इमानात भ्या वाटलं का? खिडकी मिळाली का? आजीनं डब्यात काय दिलं? तीही दुप्पट आवाजात सांगत होती. भोवती मोबाइल चालू होते. बर्फ वितळून उसळ खाली बसली.

उठताना त्याने छातीवरची पट्टी काढली आणि तिच्या फ्रॉकला लावली. "धर. तूच हो आता जून." आणि तसाच, पट्टीशिवाय, पुढच्या टेबलाची ऑर्डर घ्यायला गेला. पट्टी नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तोंड होतं की.